संगणकावरील दाखल्यांची जोडणी व विभागणी



पारशिवनीच्या शाळेतून नागपूरला दहा विद्यार्थ्यांचे दाखले धाडावयाचे असल्यास ते एकाच पीडीएफ फाईलमध्ये जोडणे सोयीचे होय. ही पद्धत अडोबी कंपनीने १९९३ साली प्रचारात आणिली. परंतु एकाच मुलाचा दाखला मागितला गेल्यास छपाईच्या आज्ञेत पानाचा क्रमांक देऊन तेवढेच पान निराळे जतन करावे. इतरांची जात व जन्मतारीख परक्या हाती जाणे अनुचित होय.

डिजिटल स्वाक्षरी असलेली फाईल जोडल्याने वा विभागल्याने त्या स्वाक्षरीची ग्राह्यता उरत नाही. यास्तव मूळ फाईल जशीच्या तशी राखून सर्व काम प्रतीवर करावे. शेवटी पाने मोजावीत. गळालेल्या एका पानापायी एखाद्या बालकाची शिष्यवृत्ती अडू शकते.