उणे दिवस, उणे वजन

सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं घरोघरी सांगतात. ही समजूत साफ खोटी आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाची फुप्फुसे तयार करीत असतो. तेव्हा आठव्यातल्याचीच आशा अधिक.

बाळ लहानखुरे दिसले, की आधी विचारा : दिवस भरले होते का? 37 आठवड्यांच्या आत जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे. दिवस भरूनही दोन किलोचेच भरले, तर ते पोटात पोसले गेले नाही. पहिल्याला, विशेषतः 34 आठवड्यांच्या आतल्याला, चोखणे-गिळणे साधत नाही. त्याला आईचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे लागते. दुसरे चोखते, पण त्याच्या अंगात साठा नसतो. दूध लांबले की रक्तातली साखर उतरते. त्याला झोपेतून उठवून दर दोन तासांनी पाजावे. मध, गुटी काही नको.

ऊब मात्र दोघांनाही हवी. पहिल्याच दिवशी न्हाऊ घालण्याची घाई कशाला? 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरी डॉ. एडगर रे यांनी, उबेच्या पेट्या अपुऱ्या म्हणून, अशी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवली. आई दमली तर बापाने घ्यावे. यात लाजायचे काय? गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची निगा शिकवली. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा वृत्तांत आला. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते.

तळपाय गार लागले, बाळ दूध ओढीनासे झाले, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा.