पाण्यावरची पाटी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी मंठाळ येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशी रीत आहे. मीही शिक्षणावरच बोलणार आहे, परंतु शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरांविषयी नव्हे. पाणवठ्यावरच्या पाटीवर जी चार अक्षरे असतात, किंवा असावयास हवीत, त्यांच्याविषयी मला दोन शब्द सांगावयाचे आहेत.

काही वर्षांपूर्वी आपल्या बाजूच्या एका खेड्यात बोअरचे पाणी तपासले गेले. ते पिण्यास योग्य नाही असे ठरले आणि तशी पाटीही लागली. ती कोणी लावली हे येथे सांगण्याचे कारण नाही. पाटी एकाच भाषेत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या मराठी शाळेतली तिसरीची एक मुलगी त्याच बोअरवरून घागर भरून जाताना मला दिसली. मी विचारले, "अगं, पाटी वाचली नाहीस का?" ती म्हणाली, "सर, ते कुणीतरी बोअर दिलंय, त्याचं नाव लिहिलंय ना?"

मंडळी, त्या मुलीचे काही चुकले नव्हते. पाणपोई असो, सबील असो वा हातपंप असो, त्यावर जन्मापासून तिने एकच गोष्ट लिहिलेली पाहिली होती, ती म्हणजे देणाऱ्याचे नाव! पाणवठ्यावरच्या अक्षरांत आपल्या जिवाचेही काही असू शकते, हे तिला कोणी शिकविले नव्हते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. मी मोठ्या उत्साहाने त्या आळीत गेलो आणि सर्वांना सांगून आलो, "पाणी उकळून प्या, म्हणजे झाले." त्या मुलीच्या घरी तीन महिन्यांचे तान्हे बाळ होते. त्याच्या आईने गुरुजींचा शब्द प्रमाण मानून दोन महिने सरपण जाळले, पाणी उकळले, आणि त्यातच बाळाची दुधाची भुकटी कालवली. पुढे मी तपासणीचा कागद पाहिला, तेव्हा त्या पाण्यात नायट्रेट अधिक असल्याचे कळले. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट पिण्याच्या पाण्यात असू नये. उकळल्याने रोगजंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होऊन उरलेल्या पाण्यात ते उलट दाटते. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होते आणि बाळ निळे पडते. सुदैवाने त्या बाळाला काही झाले नाही आणि डॉक्टरांनी पाणी बदलावयास लावले. पण त्या माउलीसमोर उभे राहताना पदवी आणि प्रशिक्षण ह्यांचा काय उपयोग, असे मला वाटले.

म्हणून पहिली गोष्ट ही की, "पाणी वाईट आहे" एवढे सांगून भागत नाही. कशाने वाईट आहे, उकळून चालेल की मुळीच चालणार नाही, आणि त्याऐवजी कोठले पाणी भरावे, हे सांगितले पाहिजे. फ्लोराइड, आर्सेनिक, शिसे हीदेखील उकळून जात नाहीत. अमेरिकेतील फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा उगम बदलला आणि नळांतून शिसे येऊ लागले. तेथे स्पॅनिश बोलणाऱ्या कित्येक कुटुंबांना इंग्रजी पत्रके समजली नाहीत व धोक्याची वार्ता उशिरा पोचली. इतक्या श्रीमंत देशात हे घडते, तर आपण सावध असावयास नको काय?

दुसरी गोष्ट भाषेची. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यामुळे आपल्याकडे एकाच घरात आजोबांना उर्दू अक्षर, बापाला मराठी आणि नातवाला कन्नड, अशी घरे झाली. माझ्याच घरी दखनी बोलतात, मी शाळेत मराठी शिकवितो आणि कचेरीत कन्नड अर्ज देतो. ह्यात दुःख करण्याजोगे काही नाही, ही आपली श्रीमंती आहे. परंतु जी पटकी, तोच हैजा आणि तीच वांतिभेदी! रोग भाषा विचारून घरात शिरत नाही, मग पाटीने तरी एकाच भाषेचा हट्ट का धरावा?

भाषिक अल्पसंख्यांसाठी देशाने जी संरक्षणे ठरविली आहेत त्यांतही हेच आहे. जिल्ह्यात वा तालुक्यात ज्या भाषेचे लोक निदान १५ टक्के असतील, त्या भाषेतही महत्त्वाच्या सरकारी सूचना प्रसिद्ध व्हाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. राजभाषा कन्नड पाटीवर सर्वांत वर असावी. तिच्याखाली आणखी दोन ओळी आल्याने तिचा मान कमी होत नाही.

मात्र भाषा म्हणजे ग्रंथातली भाषा नव्हे. मी पहिल्यांदा पाटी लिहिली तेव्हा मराठीत "सदर जलस्रोत पेयजलास अयोग्य" असे लिहिले आणि उर्दूत "ना-काबिल-ए-नोश". ती माझ्या अम्मींना वाचून दाखविली, तर त्या म्हणाल्या, "पानी तो समझा, बाकी क्या लिखे?" मग मी ती पुसली आणि लिहिले: "हे पाणी पिऊ नका." "ये पानी नक्को पियो." "ई नीरु कुडियबेडि." दखनीतला हा 'नक्को' मराठी 'नको'चाच भाऊ आहे. एवढा जवळचा शब्द घरात असताना मी फारसी धुंडाळीत बसलो होतो!

नुसत्या शब्दाने काय होणार, असे कोणी म्हणेल. त्याने नारू आठवावा. येथील वृद्धांना तो माहीत आहे. पायविहिरीतील बारीक जलकिड्यांवाटे तो पोटात जाई आणि सुमारे वर्षाने पायातून बाहेर पडे. मधे वर्षाचे अंतर, त्यामुळे पाण्यावर संशय जाईना. त्यावर ना औषध होते, ना लस. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये त्याने ग्रासलेली होती. कार्यकर्ते घरोघर फिरले, पाणी दुहेरी फडक्याने गाळा, जखम घेऊन विहिरीत उतरू नका असे सांगत राहिले, आणि पायविहिरी बंद करून हातपंप आले. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रोगी सापडला व २००० साली भारत नारूमुक्त ठरला. लोकांना समजेल अशा सांगण्याचे बळ एवढे मोठे आहे.

आता ट्रस्टला माझी विनंती. आपण जेथे पाणी दिले आहे तेथे तपासणी करवून पाटी लावावी. पाटी तीन लिप्यांत असावी, अक्षर मोठे असावे, आणि ज्याला एकही लिपी येत नाही त्याच्यासाठी रंग असावा. सीमेपलीकडे महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्यासाठी हिरवे, पिवळे, लाल कार्ड देतात, ती खूण सोपी आहे. पाटीवर तारीख घालावी आणि पाणी सुधारल्यावर ती काढावी, कारण जुनी पाटी खोटी ठरली की नवीही कोणी मानीत नाही. पाटीबरोबर आवाजही द्यावा. कोणी दवंडी म्हणा, कोणी मुनादी, कोणी डंगुर. आणि देणाऱ्याचे नाव खुशाल लिहा, पण ते खालच्या ओळीत, लहान अक्षरात.

१८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली असता डॉ. जॉन स्नो ह्यांनी दूषित पंप हुडकून काढला आणि त्याचा दांडाच काढून टाकवला. ती पाटी सर्वांना वाचता आली! पण दांडा काढण्यापूर्वी शेजारी दुसरे चांगले पाणी हवे. ते देणे हेच आपल्या ट्रस्टचे काम, आणि ते आपण गेली पन्नास वर्षे करीत आला आहात.

ती मुलगी आता कन्नडही चांगले वाचते. तिच्या हातची पाटी पुढच्या वर्षी आपल्या पाणवठ्यावर लागावी, एवढीच माझी इच्छा आहे.