पान, साल आणि मूळ

घरांत कोणी खोकूं लागलें कीं वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून सहज उद्गार निघतो, "अडुळशाचीं चार पानें आणा." गोंदिया शहरालगतच्या मुर्रीसारख्या गावीं परसांत किंवा कुंपणाशीं अडुळशाचें झुडूप असलें, म्हणजे तीं मिळण्यास विलंब लागत नाहीं. गांवाभोंवतीं भातशेती आणि पलीकडे झाडीपट्टीचीं वनें, असा हा प्रदेश आहे. अशा प्रदेशांत झुडपांची ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. परंतु झुडपांत गुण आहे म्हणजे नेमकें काय आहे, तें त्याच्या कोणत्या भागांत आहे, आणि तें घेतांना कोठें थांबावें, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. अडुळसा, पांढरा कुडा व सर्पगंधा या तीन वनस्पतींवरून त्यांचीं उत्तरें पाहण्यासारखीं आहेत.

या तिघांत एक साम्य आहे. तिघांचाहि गुण मुख्यतः अल्कलॉइड नांवाच्या द्रव्यांवर अवलंबून असतो. हीं द्रव्यें नायट्रोजनयुक्त व बहुधा कडू असून, आम्लाशीं संयोग पावून त्यांचे क्षार बनतात. प्राण्याच्या शरीरावर त्यांचा परिणाम अत्यल्प प्रमाणांतहि होतो. वनस्पतीला त्यांचा उपयोग बहुधा आत्मरक्षणासाठीं होत असावा. अडुळशाच्या पाल्याला गुरें सहसा तोंड लावीत नाहींत, आणि म्हणूनच तो कुंपणाला सोयीचा ठरला.

अडुळशाच्या पानांतील मुख्य द्रव्य व्हॅसिसीन होय. १८८८ सालीं डेव्हिड हूपर यांनीं तें वेगळें केलें. त्याच्या एका अणुसमूहांत कार्बनचे ११, हायड्रोजनचे १२, नायट्रोजनचे २ व ऑक्सिजनचा १ अणु असतो. तें श्वासनलिका सैल करतें व कफ सुटण्यास साह्य करतें. याच द्रव्याच्या रचनेचा धागा धरून पुढें ब्रोमहेक्सीन हें कृत्रिम औषध तयार झालें, आणि त्यापासून शरीरांत होणारें अॅम्ब्रोक्सॉल आज स्वतंत्र औषध म्हणून विकलें जातें. खोकल्याच्या ज्या बाटलीवर हीं नांवें छापलेलीं असतात, तिचें कूळ असें परसांतल्या झुडपापर्यंत पोंचतें. मात्र व्हॅसिसीन गर्भाशयासहि आकुंचित करतें. म्हणून गर्भवतीनें अडुळसा घेऊं नये. तसेंच दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला काढ्यावर सोपवून स्वस्थ बसूं नये. तो क्षयाचा असूं शकतो, आणि तेथें थुंकी तपासून घेणें हाच पहिला उपाय आहे.

पांढरा कुडा कधीं झुडूप तर कधीं लहान वृक्ष असतो. त्याची साल आंवेवर व अतिसारावर दिली जाते. कुटजारिष्टाचें नांवच त्यावरून पडलें आहे. या सालींत कोनेसीन नांवाचें अल्कलॉइड आहे आणि आंवेच्या अमीबा जंतूंवर त्याचा परिणाम होतो. येथें खरा धोका ओळखीचा आहे. काळा कुडा दिसावयास पुष्कळसा तसाच असतो, पण त्याचे गुण वेगळे आहेत. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीनें येऊन टोंकाशीं सुट्या राहतात. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोंकाशीं चिकटलेल्या असतात. पांढऱ्याचे बीज तें कडू इंद्रजव, काळ्याचें तें गोड. वाळलेली साल बाजारांत आल्यावर शेंगा पाहावयास मिळत नाहींत, आणि तेथेंच फसगत होते. शिवाय साल काढण्याचीहि एक रीत आहे. खोडाभोंवतीं पूर्ण वेटोळें सोलल्यास पानांनीं तयार केलेलें अन्न मुळांपर्यंत पोंचत नाहीं व झाड मरतें.

तिसरी सर्पगंधा. दोनतीन फूट उंचीचें हें लहानसें झुडूप सावलीच्या ओलसर भूमींत वाढतें. पानें एका पेऱ्यावर तीन वा चार. फुलें पांढरीं, किंचित् लालसर. फळें पिकल्यावर काळीं. १९३१ सालीं दिल्लीस सलीमुज्जमान सिद्दीकी यांनीं तिच्या मुळांतून अल्कलॉइडें वेगळीं केलीं व एकास हकीम अजमल खान यांच्या नांवावरून अजमलीन हें नांव दिलें. त्याच वर्षीं सेन व बोस यांनीं तिच्या रक्तदाबावरील व उन्मादावरील उपयोगाविषयीं लेख प्रसिद्ध केला. १९४९ सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें आपले अनुभव मांडले, आणि जगाचें लक्ष या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेंत रेसर्पीन वेगळें झालें. मज्जातंतूंच्या टोंकांशीं सांठविलेलीं संदेशवाहक द्रव्यें तें रितीं करतें. म्हणून रक्तदाब उतरतो व मन शांत होतें. त्याची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजावी लागते. ती वाढली तर मन नुसतें शांत न होतां खिन्न होतें, नाडी मंदावते. कोणत्या मुळींत रेसर्पीन किती, हें डोळ्यांस दिसत नाहीं. रक्तदाबाची गोळी चालू असतां गुपचुप मुळीची पूड घेणारा मनुष्य म्हणूनच दुहेरी औषध घेत असतो, आणि वैद्य व डॉक्टर दोघांनाहि त्याची वार्ता नसते.

मूळ खणलें कीं झुडूप गेलें. जगभरची मागणी वाढल्यावर वनांतील सर्पगंधा इतकी खणली गेली कीं तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. आज ती लावून वाढविणें हाच मार्ग योग्य आहे.

पान खुडलें तर पुन्हां फुटतें. साल बेतानें काढली तर भरून येते. मूळ उपटलें तर परत येत नाहीं. आणि योगायोग असा कीं या तिघांत घेणाऱ्यालाहि सर्वांत जपावें लागतें तें मुळाबाबतच. परसांतल्या अडुळशाचा मान अवश्य राखावा. त्याबरोबरच वनस्पतीची ओळख खात्रीची असावी, मात्रा जाणत्यानें ठरवावी, आणि चिकित्सकापासून कोणताहि काढा लपवूं नये. एवढें पाळलें म्हणजे आजीबाईंचें ज्ञान व प्रयोगशाळेचें ज्ञान एकाच घरांत सुखानें नांदूं शकेल.