चूक कोणाची? आधी हे ऐका

मी पनवेलचा, दिवसभर कोड लिहितो. आज मात्र गाडीच्या इन्शुरन्सवर बोलूया.

कळंबोलीजवळ एका कारने माझ्या मामाच्या स्कूटरला धडक दिली. पाय मोडला. जो तो विचारायचा, "चूक कोणाची?"

मोटार वाहन कायद्यात भरपाईच्या दोन वाटा आहेत. कलम १६४ मध्ये चूक सिद्ध करावीच लागत नाही. मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख. १ एप्रिल २०२२ पासून हे लागू आहे. कलम १६६ मध्ये समोरच्याची चूक ट्रिब्युनलपुढे दाखवावी लागते. वेळ जातो, पण रक्कम उत्पन्न, वय, उपचारांचा खर्च बघून ठरते. दोन्हीकडे पैसे देतो तो धडक देणाऱ्या गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स.

न्यू जर्सीत उलटं आहे. तिथे दवाखान्याचं बिल आधी आपलीच कंपनी भरते, चूक कोणाचीही असो.

आम्ही अडीच लाखांवर सही करणारच होतो. वकील म्हणाले, "मामांचं दुकान किती महिने बंद राहणार?" आम्ही गप्प. कारण १६४ चे पैसे घेतले, की १६६ चा दावा संपतो.

म्हणून सही करण्याआधी हिशोब मांडा. भेटू पुढच्या भागात!