हळदीच्या पेठेंतील खरेदीदार

चैत्र-वैशाखाचे दिवस आले कीं, शहरांतील कित्येक घरीं अजूनही वर्षाच्या बेगमीचा विचार सुरू होतो. मिरच्या, धने, हळकुंडें यांची यादी होते. गृहिणी दुकानाच्या फळीशीं उभी राहून एखादें हळकुंड हातांत घेते, मोडून पाहते, नाकाजवळ नेते आणि "हें नको, दुसरें दाखवा" असें म्हणते. एवढ्याशा कृतींत खरेदीदाराच्या धंद्याचें बहुतेक शास्त्र सांठविलेलें आहे. ती दोन किलोंसाठीं जें करते, तेंच हळदीच्या पेठेंतील खरेदीदार शेंकडों पोत्यांसाठीं करतो. तिची चूक झाली तर वर्षभर आमटीचा रंग फिका पडतो. त्याची चूक झाली तर त्याची पेढी बसते.

पिकविणारा शेतकरी सर्वांस ठाऊक असतो आणि विकणारा दुकानदार रोजच्या ओळखीचा असतो. त्या दोहोंच्या मधला जो घेणारा, त्याच्याविषयीं मात्र लोकांस फारशी माहिती नसते. जी असते ती बहुधा तिरस्काराची. 'मधला' या शब्दांतच फुकटखाऊपणाचा वास येतो. तेव्हां त्याचें कसब कशांत आहे आणि त्याच्या हातून अन्याय नेमका कोठें घडतो, हें निवडून पाहणें इष्ट होय. त्यासाठीं सांगलीच्या हळदपेठेसारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल.

हळदीची लावणी होते ती अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, आणि काढणी होते ती पौष-माघापासून पुढें. आठ-नऊ महिने जमीन गुंतून पडते. कंद काढले म्हणजे काम संपलें असें नाहीं. ते शिजवावे लागतात, दहा-पंधरा दिवस उन्हांत वाळवावे लागतात, आणि पिंपांत घालून फिरवून त्यांची साल घासून काढावी लागते. ओल्या हळदीच्या पांच भागांमागें वाळलेली हळद जेमतेम एक भाग उतरते. एवढ्या सायासानंतर पोतें अडत्याच्या दुकानापुढें येतें, त्याचें तोंड उघडलें जातें, आणि पुढील एक-दोन मिनिटांत वर्षाच्या कष्टांची किंमत ठरते. ती ठरविणाऱ्यांपैकीं प्रमुख माणूस म्हणजे खरेदीदार.

मुरलेला खरेदीदार राशीच्या वरच्या थराकडे फारसें पाहत नाहीं, कारण वरचा थर हा पाहण्यासाठींच ठेवलेला असतो हें तो जाणून असतो. तो हात आंत घालून तळचा माल वर काढतो. एक हळकुंड घेऊन दोन्ही हातांनीं मोडतो. नीट वाळलेलें हळकुंड धातूसारखा टणका करून तुटतें. ओल राहिलेलें वांकतें, किंवा मुकाट्यानें तुटतें. मग तो तुटल्या जागेचा रंग पाहतो. रंग गाभ्यापासून कडेपर्यंत सारखा असेल तर शिजवण नीट झाली. गाभा एक आणि कड दुसरी दिसली तर कोठें तरी घाई झाली. राशींत हळकुंडें किती, गड्डा किती, कणी किती, याचा अंदाज तो दोन-तीन मुठींवरून बांधतो. किडीचें एखादें बारीक भोंक त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं.

यावरही त्याचें काम संपत नाहीं, कारण चांगला माल म्हणजे काय याचें उत्तर एकच नसतें. हळकुंडेंच विकावयाचीं असतील त्या गिऱ्हाइकाला लांब, जाड, सुबक माल हवा असतो. दळून पूड करणाऱ्याला आकाराशीं कर्तव्य नाहीं, रंगाशीं आहे. औषधासाठीं किंवा रंगासाठीं अर्क काढणारा कारखानदार तर हळदींतील कुर्क्युमिन या द्रव्याचें प्रमाण विचारतो. हळकुंड दिसावयास कितीही वेडेंवांकडें असलें तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. ज्या राशीकडे एक खरेदीदार पाठ फिरवितो, तीच दुसऱ्याला हवी असते. कोणता माल कोणाच्या उपयोगाचा हें ओळखून तो तेथें पोंचविणें, ही समाजाची खरी सेवा आहे, आणि तिचा मोबदला घेण्यांत अधर्म नाहीं.

हें कसब ऐकून मिळत नाहीं. 'पी हळद नि हो गोरी' ही म्हण उतावळ्या माणसाला उद्देशून आहे. ती या धंद्यांतील उमेदवाराला अगदीं शब्दशः लागू पडते. पेढीवरचा पोरगा कित्येक हंगाम नुसते नमुने उचलतो, पोत्यांवर खुणा करतो, थोरल्यांच्या मागें हिंडतो. मग कोठें त्याच्या बोटांना दृष्टि येते.

नजरेइतकेंच महत्त्व हिशेबाला आहे. 'नफा विकण्यांत नसून घेण्यांत आहे' असें जुने व्यापारी म्हणत, त्याचें कारण पुढील उदाहरणावरून ध्यानांत येईल. समजा, एका खरेदीदारानें १०,००० रुपये क्विंटल या भावानें १०० क्विंटल हळद घेतली. त्याचे १० लाख रुपये गुंतले. दरमहा शेंकडा १ रुपया व्याज धरलें, तर सहा महिन्यांत ६०,००० रुपये व्याज झालें. तेवढ्या अवधींत माल सुकून दोन क्विंटल घट आली. आतां त्याच्यापाशीं ९८ क्विंटल माल उरला, आणि त्यावर १०,६०,००० रुपये बसले. म्हणजे क्विंटलमागें भाव सुमारें ८१६ रुपयांनीं चढला तर तो केवळ मुद्दलांत येणार. हमाली, तोलाई, बाजार फी आणि गाडीभाडें निराळेंच. भाव उतरला तर विचारावयास नको. घाऊक खरेदीदार बसल्या जागीं पैसे मिळवितो असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा.

येथवर खरेदीदाराची बाजू झाली. आतां दुसरी बाजू. माल ओळखण्याचें ज्ञान हें खरेदीदाराचें स्वतःचें आहे. तें त्यानें कष्टानें मिळविलेलें असतें. परंतु बाजारांत दुसरेंही एक ज्ञान असतें, तें म्हणजे भावाचें. कोणी किती बोली केली, सर्वांत वरची बोली कोणाची, आणि ती सोडून माल दुसऱ्याला दिला काय, हें कळण्याचा पहिला हक्क माल पिकविणाराचा आहे. आणि नेमकें हेंच ज्ञान पूर्वीं त्याच्यापासून लपविलें जात असे.

जुन्या बाजारांत हत्ता पद्धतीनें सौदे होत. भाव सांगावयाचा तो तोंडानें नव्हे, बोटांनीं. अडत्या आपला हात पुढें करी, त्यावर रुमाल किंवा उपरण्याचें टोंक टाकलेलें असे, आणि एकेक खरेदीदार त्याखालीं हात घालून अडत्याचीं बोटें दाबून आपली बोली कळवी. सर्वांचे हात लागून झाले म्हणजे अडत्या एकाचें नांव उच्चारी आणि सौदा झाला असें जाहीर होई. शेतकरी शेजारींच उभा असे. त्याला रुमाल हलतांना दिसे. त्याखालीं काय चाललें आहे तें मात्र कळत नसे. 'झांकली मूठ सव्वा लाखाची' असें आपण म्हणतों. पण त्या झांकल्या मुठींतील सव्वा लाख कोणाचे, हा प्रश्न विचारण्याचें सामर्थ्य त्याला नसे. कारण पुष्कळदां त्यानें त्याच अडत्याकडून लावणीच्या वेळीं उचल घेतलेली असे.

सगळेच अडत्ये अप्रामाणिक होते असें नव्हे. कित्येकांनीं आपल्या शब्दाला बाध येऊं दिला नाहीं. परंतु जेथें प्रामाणिकपणा पारखण्याचें साधनच नाहीं, तेथें सज्जन आणि लबाड हे दोघेही सारखेच दिसतात, आणि त्यांत सज्जनाचेंच अधिक नुकसान होतें.

वजनांचा घोळ याहून वेगळा नव्हता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण सुमारें ८२ पौंडांचा. गांवोगांवचे शेर आणखी निराळे. १९५६ च्या कायद्यानें देशभर दशमान वजनें ठरलीं, तीं १९५८ पासून क्रमाक्रमानें अमलांत आलीं, आणि १९६२ पासून सक्तीचीं झालीं. तेव्हां कोठें किलो हा सर्वत्र एकच किलो झाला. नमुन्यासाठीं उचललेली मूठभर हळद, धर्मादायाच्या नांवाचा पैसा, घटीच्या नांवाची कटौती, अशा बारीक बारीक वजावटी शेतकऱ्याच्या पट्टींतून होत, त्या वेगळ्याच.

या परिस्थितीवर इलाज झाला तो हळूहळू. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार निघाला. १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस आणि धान्य यांच्या बाजारांसाठीं कायदा झाला. १९२८ सालीं शेतीविषयक रॉयल कमिशननें आपल्या अहवालांत अशा बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यांत शेतमालाच्या बाजारांचा कायदा १९३९ सालीं झाला, आणि महाराष्ट्र राज्याचा १९६३ सालीं. या सर्व खटाटोपाचें तात्पर्य एका वाक्यांत सांगतां येईल: रुमाल काढून टाका. बोली सर्वांसमक्ष, मोठ्यानें व्हावी. वजन खऱ्या कांट्यावर व्हावें. वजावटी ठरलेल्याच असाव्यात. आणि भाव पटला नाहीं तर पोतें परत बांधून नेण्याचा अधिकार शेतकऱ्याला असावा. पुढें २०१६ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय कृषी बाजार ही संगणकावरील व्यवस्था सुरू केली, तिच्यामागेंही हेंच तत्त्व आहे. दूरच्या खरेदीदाराचीही बोली लागावी आणि ती लपूं नये.

यानें सारें सुरळीत झालें असें समजणें भोळेपणाचें होईल. कायद्यानें मूठ उघडतां येते, मन उघडतां येत नाहीं. दहा खरेदीदारांनीं सकाळच्या चहावरच भावाची सीमा ठरवून टाकली, तर उघड लिलाव हा केवळ देखावा ठरतो. घरीं लग्न किंवा आजारपण असलेला शेतकरी पोतें परत नेण्याचा अधिकार वापरणार तरी कसा? तथापि इतकें खरें कीं, उघड बोलींत अन्याय करावयाचा तर दहा जणांना संगनमत करावें लागतें. रुमालाखालीं तो दोघांतच उरकत असे.

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर गांव आहे. तेथील जमिनींत हळद सांठविण्याचीं खोल पेवें असत. तीं आंतून सारवून, पाला घालून, हळद भरून तोंड बंद केलें कीं, उजेड नाहीं, वारा नाहीं, आणि म्हणून कीडही नाहीं. माल दीर्घकाळ जसाच्या तसा राही. २००५ च्या महापुरांत या पेवांची मोठी हानि झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याच्यामागें या पेठेची आणि या पेवांची परंपरा उभी होती. हरिपूरच्या पेवांनीं शिकविलेला धडा साधा आहे: माल झांकून ठेवला तर टिकतो. भावाची गोष्ट मात्र उलटी. तो झांकला कीं कुजतो.

शेवटीं पुन्हा दुकानाच्या फळीशीं येऊं. खरेदीदार हा गिऱ्हाइकाच्या आवडीचा चाकर असतो. घरोघरीं जें मागितलें जातें, तेंच तो पेठेंत शोधतो. बांगलादेशांतील हळदीविषयीं २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, तेथें हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिसें असलेला विषारी रंग चोळला जात होता; आणि कित्येक वर्षांपूर्वीं पुरानें भिजून काळवंडलेली हळद खपविण्यासाठीं ही वाईट चाल पडली, असें तेथील लोकांनीं सांगितलें. विष कालविणारा दोषी आहेच. पण लखलखीत रंग पाहूनच पैसे मोजणारे असंख्य हात त्याच्या पाठीशीं होते, हेंही विसरतां येत नाहीं. घेणारा नुसता वरचा थर पाहून घेऊं लागला, कीं विकणारा वरचा थरच सजवूं लागतो.

म्हणून चांगल्या पेठेची सुरुवात सांगलीच्या बाजारांत होते तशीच ती घरांतही होते. जी गृहिणी हळकुंड मोडून पाहते, त्याचा आवाज ऐकते, आणि खऱ्या मालाला दोन पैसे अधिक देण्यास कुरकुर करीत नाहीं, ती स्वतःच्या नकळत त्या दूरच्या खरेदीदारालाही प्रामाणिक राहण्याचें कारण देते, आणि त्याच्याही पलीकडे उन्हांत हळद वाळवीत बसलेल्या शेतकऱ्याला त्याच्या कष्टांचें मोल देते.