आमच्या वाड्यांतील कोंबड्या व मेंढरें
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



देवळाचा इतिहास वडीलधाऱ्यांनीं सांगितलाच आहे. आम्हांस आज्ञा झाली ती घरच्या कोंबड्या-मेंढरांविषयीं बोलण्याची. विषय हलका वाटेल. परंतु ज्यांच्या पदरीं दोन-तीन एकर जिराईत जमीन आहे आणि पावसाचा भरंवसा नाहीं, त्यांस तो मुळींच हलका नाहीं.

खुडूक कोंबडीखालीं दहा-बारा अंडीं ठेविलीं म्हणजे एकविसाव्या दिवशीं पिलें निघतात. सातव्या-आठव्या रात्रीं अंडें दिव्यासमोर धरून पाहावें. आंत तांबड्या शिरांचें जाळें दिसलें तर ठेवावें, निव्वळ स्वच्छ दिसलें तर काढून घ्यावें. आकाशांत घार फिरूं लागली कीं कोंबडी पंख पसरून पिलें पोटाशीं घेते. यरुशलेमेविषयीं शोक करितांना आमच्या प्रभूनें हाच दाखला घेतला, आणि तो आमच्या बायकांस उलगडून सांगावा लागत नाहीं. परंतु घारीहून मानमोडी भयंकर. ती एकदां शिरली कीं खुराडें रिकामें होतें. लस आहे, पण एक कुपी शंभर वा अधिक पक्ष्यांची, आणि आमच्या घरीं पक्षी पंधरा! शिवाय लस कालविल्यावर थोड्या वेळांतच संपवावी लागते, आणि तोंवर बर्फांत ठेवावी लागते. म्हणून एकटें घर कुपी आणीत नाहीं, आणि रोग मात्र सर्वांच्या घरीं येतो. अंड्यांचा पैसा घरच्या बाईच्या हातांत राहतो; वही-पेन्सील व मीठ-मिरची त्यांतूनच निघते. तेव्हां ही हानि कोणाची, हें पुरुषमंडळींनीं ध्यानांत घ्यावें.

आतां मेंढरें. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या माळावरचें मेंढरूं दख्खनी जातीचें, बहुधा काळें, लोकर जाडीभरडी. वर्षांतून दोन वेळां कातरतात. आधीं ओढ्यांत धुवून अंग वाळवितात, मग पाय बांधून आडवें करितात. इतका वेळ ओरडणारें जनावर कातर लागतांच निपचित पडतें. यशया संदेष्ट्यानें कातरणाऱ्यांपुढें मुकाट राहणाऱ्या मेंढीचा दाखला दिला, तो आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे.

ह्याच लोकरीचें सूत काढून, त्यास चिंचोक्यांची खळ देऊन घोंगडीं विणीत. पावसांत गुराख्याच्या अंगावर घोंगडें, बाळंतिणीखालीं घोंगडें. आज लोकरीस गिऱ्हाईक नाहीं. कातरण्याची मजुरीही सुटत नाहीं. ती बांधावर टाकलेली आम्हीं पाहतों आणि जीव हळहळतो. म्हणून कित्येकांनीं मांसाकरितां माडग्याळी नर आणून संकर केला. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. पोट सर्वांस आहे. तथापि कोसन् कोस चालणारें व वाळल्या गवतावर तगणारें मेंढरूं एकदां हातचें गेलें तर तें परत कोठून आणावयाचें? फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालच्या लहानशा गरोळ मेंढीचा जुळीं देण्याचा गुण दख्खनी रक्तांत उतरविला व सुवर्णा नांवाची मेंढी तयार केली. जात राखूनही कोंकरें वाढवितां येतात, हें त्यावरून दिसतें. जुळ्यांस दूध पुरविण्यासाठीं आईस खुराक अधिक लागतो, हेंही सांगितलें पाहिजे.

लोकर तुच्छ नव्हे. रोमेंत परंपरेनें संत अग्नेसच्या सणीं, २१ जानेवारीस, कोंकरांस आशीर्वाद देतात. कोंकरांच्या लोकरीचे पॅलियम होतात, आणि २९ जूनच्या सुमारास पोपमहाराज आशीर्वाद देऊन ते नव्या महानगर आर्चबिशपांस देतात. खांद्यावर मेंढरूं घेतलेल्या मेंढपाळाची ती खूण होय.

आतां कामाची गोष्ट. येत्या रविवारीं मिस्सेनंतर देवळाच्या ओट्यावर आम्ही वही घेऊन बसूं. प्रत्येक घरानें आपल्या पक्ष्यांची संख्या लिहवावी. शंभर भरले कीं कुपी आणूं, आणि टोचणी एकाच संध्याकाळीं उरकूं. ज्यांची कातरणी झाली असेल त्यांनीं लोकर बांधावर न टाकतां वाळवून पोत्यांत भरून ठेवावी. घोंगडें विणणारा हात कोणास ठाऊक असेल, तर त्याचें गांव त्याच वहींत नोंदवावें.