चौथं वचन

माझ्याकडे मिनिटं आहेत दहा आणि वचनं आहेत सहा. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १२६ वं स्तोत्र. हिशेबाने प्रत्येक वचनाच्या वाट्याला दीड-पावणेदोन मिनिटं यायला हवीत, पण तसं होणार नाही. निम्म्याहून जास्त वेळ एकटं चौथं वचन खाणार आहे आणि मी ते मुद्दाम खाऊ देणार आहे. कारण तुम्ही मंडळी ते सोडून देता.

रागावू नका. चिंचवडला आम्ही काही जण शनिवारी संध्याकाळी वाचायला बसतो. चर्चला जाणारे आहेत, माळकरी आहेत, पहिली पाळी संपवून डबा हातात घेऊन तसेच येणारेही आहेत. हे स्तोत्र काढलं की पहिल्या तीन वचनांवर सगळे खूश होतात. बाबेलमध्ये नेलेले लोक सियोनला, म्हणजे यरुशलेमला, परत आले, हे खरं की स्वप्न हेच त्यांना कळेना, तोंडं हसण्याने भरून गेली, आजूबाजूची राष्ट्रंसुद्धा म्हणू लागली की यांच्या देवाने यांचं केवढं भलं केलं. झालं. सुफळ संपूर्ण. पुस्तक मिटायचं आणि कोणीतरी चहाचं नाव काढायचं.

आणि चौथं वचन? त्यात हेच लोक त्याच देवाला विनवतात की आमच्या बंदिवानांना परत आण. अहो, आत्ताच तर आलात ना! हसून झालं, लोकांनी वाखाणून झालं, आता पुन्हा मागणं कसलं? एवढा एकच प्रश्न तुमच्या मनात घालायला मी आज आलो आहे. परत आल्यावर हे लोक परत आणण्याची मागणी का करतात?

इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, भरभर सांगतो. यरुशलेम बाबेलच्या हाती पडलं इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये. कोरेश राजाने परतीची परवानगी दिली ५३८ मध्ये. मधे अठ्ठेचाळीस वर्षं गेली. म्हणजे जे ‘परत’ आले त्यांतल्या बहुतेकांनी ते गाव कधी पाहिलंच नव्हतं. आजी सांगायची म्हणून ते त्यांचं गाव. आणि पुष्कळ जण आलेच नाहीत. बाबेलमध्ये घरं होती, धंदा होता, मुलांची लग्नं तिथेच झालेली. आलेल्यांनी मंदिराचा पाया घातला तेव्हाचं वर्णन एज्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ज्या म्हाताऱ्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं ते मोठ्याने रडले, तरुण मोठ्याने जयघोष करत होते, आणि लांबून ऐकणाऱ्याला रडणं कुठलं नि जयघोष कुठला हे ओळखू येईना. मंदिर पुरं व्हायला ५१५ साल उजाडलं. हे सगळं पहिल्या तीन वचनांत मावतं का? नाही मावत. ते चौथ्यात आहे.

आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, “सर, सोपं करून सांगा.” त्यांना मी विरजणाचं सांगितलं, तुम्हालाही सांगतो. दुधात विरजण घातलं म्हणजे दही झालं का? घालायला क्षण लागतो, लागायला रात्र लागते. परत येणं म्हणजे विरजण घालणं. पहिली तीन वचनं तिथवरची. पुढे दूध कोमट हवं, भांडं झाकलेलं हवं, आणि मुख्य म्हणजे कोणी मधे मधे हलवून ‘लागलं का, लागलं का’ असं बघता कामा नये. आपल्याकडे डिसेंबरात तर भांडं गव्हाच्या डब्यात ठेवावं लागतं, तरी सकाळी वर पाणी आणि खाली दूधच. विरजण खराब नसतं आणि दूधही चांगलं असतं, फक्त ऊब कमी पडलेली असते. बाबेलहून आलेले लोक चौथ्या वचनात ती ऊब मागताहेत. आम्ही आलो, पण अजून लागलो नाही.

हे मी पुस्तकातूनच सांगतो असं वाटू नये म्हणून आपल्या कोकणात येतो.

बेने इस्राएल कोण, हे या श्रोत्यांना सांगायला नको. आपले शनवार तेली, कोकणातले ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली ही त्यांची गोष्ट आजीकडून नातवाकडे आलेली. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर. मिशनरी जॉन विल्सनने १८३२ मध्ये मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं ते यांच्यासाठी. पेसाह सणाच्या रात्री वाचायचा हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. १८८० च्या सुमाराला बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कीर्तनं सुरू केली. आख्यान योसेफाचं, चाल मराठी, मागे टाळ-पेटी. ज्यांना हे नवीन असेल त्यांनी एकदा पुण्याच्या रास्ता पेठेतलं सिनेगॉग बाहेरून तरी पाहून यावं. कॅम्पातल्या सिनेगॉगपर्यंत, लाल देवळापर्यंत, सगळे जातात आणि तिथूनच मागे फिरतात.

तर या माणसांच्या घरात हे स्तोत्र शेकडो वेळा म्हटलं गेलं असणार. शब्बाथच्या आणि सणाच्या जेवणानंतर, देवाचे आभार मानण्याआधी हेच स्तोत्र म्हणायची ज्यूंची रीत आहे. जेवण आटोपायचं, पोट भरलेलं असायचं आणि सियोनला परतायची गोष्ट व्हायची. बाहेर समोर अलिबागचा समुद्र. मग १९४८ मध्ये इस्राएल झालं आणि ती गोष्ट खरी व्हायची वेळ आली. विसेक हजारांचा हा समाज. बोटीने, विमानाने निघाले. छळ झाला म्हणून कोणी निघालं नाही, हे आपण थोडं अभिमानाने सांगतो आणि ते खरंही आहे. ते निघाले या स्तोत्राने.

आणि गंमत बघा, त्यांतले कितीतरी जण पोचले कुठे, तर बीरशेबाला, पुढे दिमोनाला. म्हणजे नेगेबच्या वाळवंटात. आता चौथं वचन पुन्हा काढा. पाहा, मी पुन्हा तिथेच आलो. त्या वचनात परतीची उपमा कशाची आहे? नेगेबमधल्या ओढ्यांची! एरवी कोरडे ठणठणीत, नुसते दगडगोटे, आणि हिवाळ्यात कुठेतरी वर डोंगरात पाऊस झाला की तासाभरात दुथडी भरून धावणारे. अलिबागच्या माणसाला हे कसं कळावं? तिथे पाऊस २००० मिलिमीटरच्या वर. बीरशेबाला जेमतेम २००. कोकणी माणूस पिढ्यान्‌पिढ्या जेवल्यावर जे म्हणत आला, त्याचा अर्थ त्याला त्या वाळूत उभं राहिल्यावर लागला. कोरडा ओढा आधी दिसला. पाणी नंतर.

हे चिंचवडमधल्या पुष्कळांना मात्र समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गटात बीडचे आहेत, धाराशिवचे आहेत, सांगोल्याचे आहेत. मी ‘ओढा’ म्हणालो आणि त्यांनी माना हलवल्या. एकाने तर पुढची दोन वचनंही उलगडून दिली. तिथे रडत रडत पेरायला जाणारा शेतकरी आहे. मी विचारलं, पेरताना का रडतो? ते म्हणाले, घरात खायला नसताना बियाणं मातीत टाकायचं असतं, सर. भाष्यांचे ग्रंथ चाळूनही इतकं नेमकं उत्तर मला मिळालं नव्हतं.

बेने इस्राएलचं पुढे काय झालं ते ऐका. १९५२ मध्ये त्यांतल्या काहींनी तेल अवीवमध्ये, स्थलांतरितांना वसवणाऱ्या ज्यू एजन्सीच्या दारात धरणं धरलं. मागणी काय? आम्हाला भारतात परत पाठवा. काम, घर, वागणूक, सगळीकडे दुजाभाव होतो अशी तक्रार होती. पाठवलंही त्यांना परत. आणि मुंबईला पोचल्यावर त्यांतल्या कित्येकांनी नवा धोशा लावला की आम्हाला इस्राएलला जाऊ द्या! हसू नका. मी हे सांगितलं की लोक हसतात, धरसोड म्हणतात. धरसोड नव्हती ती. विरजण घातलेलं भांडं कोणीतरी हलवलं होतं. या माणसांना दोन्हीकडे ‘परत’ जाता येत होतं आणि दोन्हीकडे पूर्ण पोचता येत नव्हतं.

तेवढ्यावर भागलं नाही. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने हुकूम काढला की बेने इस्राएलच्या कोणाचं समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न ठरलं, तर आधी त्याच्या आई-आजीकडच्या वंशाची चौकशी करायची. म्हणजे शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, सुंता केली, ‘शेमा’ ही प्रार्थना विसरले नाहीत, आणि सियोनला पोचल्यावर विचारणा झाली की तुम्ही आमचे कशावरून? पुन्हा मोर्चे, पुन्हा यरुशलेममध्ये धरणं. ऑगस्ट १९६४ मध्ये त्या देशाच्या संसदेने आणि सरकारने सांगितलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत आणि त्यांना वेगळं वागवता येणार नाही. त्यानंतर रब्बींनाही नमतं घ्यावं लागलं. १९४८ ते १९६४, सोळा वर्षं. मंदिराला लागली होती तेवीस. सियोनला उतरलं त्या दिवशीच परतणं पुरं होत नाही, हे मी म्हणतो ते उगीच नाही. चौथं वचन सोडून वाचलं तर या सोळा वर्षांना स्तोत्रात जागाच उरत नाही.

आणि मग लागलं का दही? लागलं. पण ते अलिबागचंही नाही आणि यरुशलेमचंही नाही. दिमोनातल्या घराच्या दारावरच्या पाटीवर आजही कोकणातलं गाव आहे. नवस फेडायला एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, मलिदा होतो. पोहे, गूळ, खोबरं. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. आणि तिथली कुटुंबं इकडे येतात ती अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाच्या खडकापाशी हात जोडायला. आता ते इकडे येतात तेव्हा परत येतात की तिकडे जातात तेव्हा परत जातात, हा प्रश्न मी त्यांना विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका. असले प्रश्न विचारणाऱ्यांचा त्यांना पुरेसा अनुभव आहे.

घड्याळाकडे बोट दाखवताहेत. बरं, दोन गोष्टी घाईने.

एक, हे वचन मराठीत वाचायचं तर कोणतं भाषांतर घ्यायचं, असं पत्राने विचारणारे आहेत. घरात असेल ते घ्या. पण पुणे जिल्ह्यात राहून पंडिता रमाबाईंचं नाव विसरू नका. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या बाईंनी उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं झालेलं होतं. तेही मुलींना घेऊन, तिथल्याच छापखान्यात. यावर खरं तर वेगळं बोलायला हवं.

दुसरी गोष्ट आपल्या पिंपरी कॅम्पाची. ४७ नंतर सिंधहून आलेल्या कुटुंबांना तिथे बराकींत आणून ठेवलं. त्यांच्यासाठी कोणी कोरेश राजा निघाला नाही. परवानगीच नाही तर परतणार कुठे? त्यांना हे १२६ वं स्तोत्र लागू पडेल का, यावर आमच्या गटात वाद झाला. माझं मत असं की त्यांना यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय लागू पडतो. तिथे संदेष्टा बाबेलमधल्या लोकांना पत्र लिहून कळवतो की घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच शहराचं भलं मागा. पिंपरीच्या बाजारात एक चक्कर मारली तर ते पत्र कोणी मनावर घेतलं ते दिसतं. पण त्याच पत्रात, त्याच अध्यायात पुढे परतीचं वचनही आहे, आणि तिथे माझं मत अडखळतं. ते पुन्हा केव्हातरी.

आता शेवटचं, एकच मिनिट द्या. तुम्ही म्हणाल, चौथ्या वचनात कुठली मागणी आहे याचा पुरावा काय? नहेम्याचा पाचवा अध्याय घरी वाचा. परत आलेले लोक तिथे गाऱ्हाणं घेऊन आलेत. दुष्काळ पडलाय, धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलीत, राजाचा कर भरायला कर्ज काढलंय, पोटच्या पोरी दुसऱ्याच्या घरी राबताहेत. आणि सावकार कोण? बाबेलचे नव्हेत. त्यांचेच भाऊबंद. नहेम्या त्यांना सभेत उभं करून शेतं, मळे, घरं आजच्या आज परत करायला लावतो, व्याजासकट. हे वाचा आणि लगेच, मधे चहा न घेता, १२६ वं काढा आणि तिसऱ्या वचनावर थांबू नका. वेळ संपला.